ईएसआयसी आणि पंचवीस हजारांची रेष : नागपुरातल्या दिव्यांग नोकरदारांसाठी परीक्षण

महिन्याचा पगार २५,००० रुपयांपर्यंत आणि हातात ४० टक्के किंवा त्याहून जास्तीचे अपंगत्व प्रमाणपत्र, असे असेल तर नागपुरात ईएसआयसीच्या, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेच्या, तोडीचे आरोग्यसंरक्षण पैसे मोजूनही मिळत नाही. पगार त्यापुढे गेला की हे संरक्षण सुटते आणि त्याची जागा पूर्ण भरून काढेल असे दुसरे काही नाही. ही रेष नेमकी कुठे आणि कशी आडवी येते, ते कळायला मात्र थोडे खोलात शिरावे लागते.

मुळात ही २५,००० ची मर्यादा आहे हेच पुष्कळ ठिकाणी माहीत नसते. सर्वसाधारण कामगारांसाठी मर्यादा २१,००० आहे, १ जानेवारी २०१७ पासून. पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये तोच आकडा बसवलेला असतो. हिंगणा एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्यात २४,००० वर लागलेला दिव्यांग मुलगा त्यामुळे पहिल्याच दिवशी आपोआप योजनेबाहेर पडतो. एचआरवाल्याने मुद्दाम काही केलेले नसते. नोंदणीच्या अर्जात अपंगत्वाचा रकाना भरलेला नसतो, एवढेच. उपाय सोपा आहे : रुजू होतानाच यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राची) आणि प्रमाणपत्राची प्रत लेखी अर्जासोबत द्यायची, अर्जात ‘कर्मचारी राज्य विमा (केंद्रीय) नियम १९५०, नियम ५०’ असा उल्लेख करायचा आणि पोच घ्यायची. तोंडी सांगितलेले पगाराच्या टेबलापर्यंत पोचत नाही.

मर्यादा ठरवताना ओव्हरटाइम धरत नाहीत, वर्गणी मात्र ओव्हरटाइमवरही कापतात. म्हणजे पगार २४,२०० आणि त्या महिन्यात ३,००० ओव्हरटाइम झाला, तर माणूस योजनेतच राहतो आणि वर्गणी २७,२०० वर लागते. ‘या महिन्यात तुझे सत्तावीस झाले, तू बाहेर’ असे कुणी म्हणाले तर ते चूक आहे.

वर्गणीचा दर जुलै २०१९ पासून कामगाराचा पाऊण टक्का आणि मालकाचा सव्वातीन टक्के. २४,००० च्या पगारावर कामगाराचे १८० रुपये कटतात, मालक ७८० भरतो. दिव्यांग कामगारासाठी मालकाचा हा वाटा ठरावीक वर्षे केंद्र सरकार उचलते. खासगी क्षेत्रातल्या मालकांसाठीची ही सवलत १ एप्रिल २००८ पासून आहे. ‘तुला घेतले की खर्च वाढतो’ म्हणणाऱ्या मालकासमोर हा कागद ठेवायला हरकत नाही.

आता १८० रुपयांत मिळते काय? बाजारातल्या पॉलिसीशी ताडून पाहिले की फरक उघड दिसतो. खासगी पॉलिसीत आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबायला लावता येते. अपंगत्व आणि त्यातून येणारी दुखणी ही जवळपास नेहमीच ‘आधीपासूनची’ असतात, म्हणजे ज्याच्यासाठी विमा हवा तेच पहिली तीन वर्षे बाहेर. ईएसआयसीत तशी अट नाही. प्रवेशाला वैद्यकीय तपासणी नाही, औषधोपचार नोकरीच्या पहिल्या दिवसापासून, खर्चाला पॉलिसीसारखी ठरावीक रकमेची मर्यादा नाही, आणि घरचेही त्याच वर्गणीत. सुपरस्पेशालिटी उपचारांसाठी तेवढी काही काळ वर्गणी भरलेली असावी लागते. कुटुंबाच्या व्याख्येत एक ओळ फार मोलाची आहे : शारीरिक किंवा मानसिक व्यंगामुळे पूर्णपणे विमेदारावर अवलंबून असलेले अपत्य वयाची अट न लावता कुटुंबात धरले जाते. एरवी मुलगा सज्ञान झाला की सहसा यादीतून निघतो. मतिमंद किंवा सेरेब्रल पाल्सी असलेला तिशीतला मुलगा निघत नाही, पण त्याचे प्रमाणपत्र नोंदीला जोडलेले असायला हवे. बापाचा पगार २१,००० च्या आत असेल तर बाप स्वतः दिव्यांग नसला तरी ही सोय मिळते.

सरकारबद्दलची आमची तक्रार वेगळी आहे. दिव्यांगांसाठी २५,००० ची मर्यादा आली तेव्हा बाकीच्यांची १०,००० होती. मे २०१० मध्ये ती १५,००० झाली, २०१७ मध्ये २१,०००. दिव्यांगांचा आकडा तिथेच राहिला. सुरुवातीला पंधरा हजारांचे असलेले अंतर चार हजारांवर आले. सवलत कागदावर आहे तशीच आहे, तिच्यातला जीव तेवढा गेला.

नोंदणीत कुठे बिघडते

सर्वांत जास्त घोटाळा विमा क्रमांकाचा. तो दहा आकडी असतो आणि जन्मभराचा असतो. नोकरी बदलली तरी तोच पुढे चालवायचा. बुटीबोरी आणि हिंगण्यात ठेकेदार बदलला की नवा ठेकेदार सरसकट नवा क्रमांक काढतो, कारण जुना शोधण्यापेक्षा नवा काढणे सोपे. परिणाम असा की जुन्या क्रमांकावरच्या वर्गण्या तिकडे पडून राहतात, नवीन क्रमांकावर कामगार ‘नवखा’ ठरतो, आणि रोख लाभासाठी पुन्हा शून्यापासून मोजणी सुरू होते. नवखा म्हणजे पहिले नऊ महिने आजारपणाचा रोख भत्ता नाही. दोन क्रमांक झाले असतील तर ते एकत्र करण्याचा अर्ज ईएसआयसीच्या कार्यालयात, म्हणजे गणेशपेठेतल्या पंचदीप भवनात, द्यावा लागतो. हे काम आजारी पडण्याआधी उरकावे.

दुसरी अडचण नावांची. आधार, यूडीआयडी आणि बँक पासबुक या तिन्हीवर नाव एकाच क्रमाने नसेल तर कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर अडते. आपल्याकडे आडनाव आधी की शेवटी, वडिलांचे नाव पूर्ण की आद्याक्षर, यातच निम्मी प्रकरणे अडकतात. आधार प्रमाण धरून बाकीचे सुधारावे. उलट करायला जाऊ नये.

तिसरी अडचण प्रमाणपत्राच्या मुदतीची. सुधारण्याची शक्यता असलेल्या अपंगत्वाला मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या मंडळाकडून तात्पुरते प्रमाणपत्र मिळते, त्यावर मुदत छापलेली असते. मुदत संपली आणि पगार २१,००० ते २५,००० च्या पट्ट्यात असला, तर योजनेत राहण्याचा आधारच संपतो. फेरतपासणीची तारीख मिळायला वेळ लागतो, म्हणून तीन महिने आधीच स्वावलंबन पोर्टलवर नूतनीकरणाचा अर्ज टाकावा. यूडीआयडी कार्डाचा रंगही बघून घ्यावा : पांढरा म्हणजे ४० टक्क्यांच्या आत, पिवळा ४० ते ७९, निळा ८० आणि वर. पांढऱ्या कार्डावर २५,००० ची मर्यादा मागता येत नाही.

आणि दर महिन्याला एक नजर : मालकाने वर्गणी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते. विमेदाराच्या लॉगिनमधून किंवा उमंग ॲपवरून ती दिसते. पगारपत्रकात कटली आणि पोर्टलवर दिसत नाही, असे दोन महिने झाले की गप्प बसू नये.

दवाखाना, सोमवारीपेठ आणि पुढे

उपचाराची साखळी ठरलेली आहे. ई-पहचान कार्डावर छापलेला सेवा दवाखाना, तिथून सोमवारीपेठेतले कामगार विमा रुग्णालय, तिथे सोय नसेल तर करार केलेले खासगी रुग्णालय. शेवटच्या टप्प्यावर पैसे भरावे लागत नाहीत, पण रेफरल पत्र हवे. पत्राशिवाय थेट खासगीत गेलात तर ते बिल तुमचे. जिवावर बेतलेली वेळ अपवाद. मात्र तेव्हाही लवकरात लवकर कळवणे, डिस्चार्ज कार्ड, मूळ बिले आणि तातडीचे प्रमाणपत्र जपून ठेवणे आवश्यक, आणि परतावा बिलाएवढा नाही तर सरकारी दराने मिळतो. एक लाखाचे बिल भरून एक लाख परत येतील या हिशेबाने कर्ज काढू नये.

दिव्यांगांसाठी ही साखळी सर्वसाधारण रुग्णापेक्षा महाग पडते, कारण प्रत्येक टप्पा म्हणजे रिक्षाचे भाडे आणि सोबत येणाऱ्याचा बुडालेला रोज. बुटीबोरीहून सोमवारीपेठ पंचवीस-तीस किलोमीटर. मेट्रो खापरीपर्यंतच, आणि शहरात उतरल्यावरही पुढे ऑटो लागतोच. म्हणून दवाखाना निवडताना कारखान्याजवळचा नको, घराजवळचा घ्यावा. मालक नोंदणी करताना सवयीने कारखान्याजवळचा टाकतो. तो बदलून घेता येतो. रुग्णालयाची वेळ ‘एएए प्लस’ ॲपवरून आधी घेता येते. आणि रांगेत नंबर लावताना संकोच करू नये : दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ च्या कलम २५ मध्ये तपासणी आणि उपचारात प्राधान्य लिहिलेले आहे. खिडकीवर कार्ड दाखवून ‘प्राधान्य’ हा शब्द वापरला की बहुतेक वेळा काम होते.

रोख भत्ते : इथेच खरी किंमत कळते

औषधे मेडिकलसारख्या सरकारी रुग्णालयातही मिळतात. ईएसआयसीचे वेगळेपण आहे बुडालेल्या पगारात. आजारपणात सरासरी रोजाच्या ७० टक्के रक्कम, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. २४,००० पगाराला रोज साधारण ८०० धरला तर दिवसाला ५६० रुपये. अट ही की संबंधित सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी झालेली असावी. सहामाह्या एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. त्यांचा लाभ अनुक्रमे पुढच्या जानेवारी ते जून आणि जुलै ते डिसेंबर मिळतो.

विदर्भात हे सिकलसेलच्या रुग्णांना नीट समजावून सांगायला हवे. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार २१ केले, त्यांत सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया आले. सिकलसेलचा कामगार बाहेरून धडधाकट दिसतो आणि महिन्या-दोन महिन्यांनी वेदनेच्या झटक्याने चार दिवस आडवा होतो. प्रत्येक आजारपणाचे पहिले दोन दिवस भत्त्यातून वजा होतात, म्हणजे चार दिवसांच्या झटक्यात हातात दोनच दिवसांचे येतात. पण आधीच्या भत्ता मिळालेल्या आजारपणानंतर १५ दिवसांच्या आत पुन्हा आजारी पडला, तर ते दोन दिवस वजा करत नाहीत. त्यासाठी दोन्ही वेळा दवाखान्यातल्या विमा वैद्यकीय अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र हवे. पहिल्या झटक्याला ‘घरीच पडून राहतो, कशाला जायचे’ म्हणून प्रमाणपत्र घेतले नाही, तर दुसऱ्या वेळी ही सवलत लागू होत नाही. आणि वारंवार बिनपगारी रजा पडणाऱ्याने ७८ चा आकडा सतत मोजत राहावे. पगारी रजेचे दिवस त्यात धरले जातात.

लांबलेल्या आजारांसाठी वाढीव भत्ता आहे, ८० टक्के, दोन वर्षांपर्यंत. यादी ३४ आजारांची. तीत पक्षाघात, दोन्ही पाय लुळे पडणे, काचबिंदू, दृष्टिपटल सुटणे, अपघातानंतर पाय कापावा लागणे, मूत्रपिंड निकामी होणे, मनोविकारातले सायकोसिस अशी दुखणी आहेत. दोन वर्षांची सलग विमा नोकरी आणि चार सहामाह्यांत मिळून १५६ दिवसांची वर्गणी ही अट. क्रमांक बदलणाऱ्या ठेकेदाराचा फटका सर्वांत जास्त इथे बसतो.

कामावरच्या इजेचे नियम वेगळे आणि जास्त उदार. वर्गणीची अट नाही, पहिल्या दिवशी अपघात झाला तरी ९० टक्के. जून २०१० पासून घर ते काम या वाटेवरचा अपघातही, नोकरीशी संबंध जुळत असेल तर, कामावरचाच धरतात. साइड व्हील लावलेल्या स्कूटरवर वर्धा रोडने रोज ये-जा करणाऱ्यासाठी हे महत्त्वाचे. अपघाताचा अहवाल मालकाने फॉर्म १२ वर द्यायचा असतो. तो ‘बघू नंतर’ म्हणाला तर कामगाराने स्वतः लेखी सूचना द्यावी. दिव्यांग कामगाराने वैद्यकीय मंडळासमोर आधीचे अपंगत्व लपवू नये. एक उदाहरण पुरेसे आहे. कायद्याच्या परिशिष्टात दुसरा डोळा चांगला असताना एक डोळा गेला तर कमाईच्या क्षमतेची हानी ४० टक्के धरली आहे. ज्याला आधीच एका डोळ्याने दिसत नाही त्याचा उरलेला डोळा कामावर गेला, तर ते पूर्ण अंधत्व, १०० टक्के. आधीचा कागद फाइलमध्ये नसेल तर मंडळ ४० वर थांबू शकते, आणि आयुष्यभराचे निवृत्तिवेतन त्याच प्रमाणात निम्म्याहून खाली येते.

कामावरच्या इजेने कायमचे अपंगत्व येऊन नोकरीच सुटली, तर वर्षाला १२० रुपये भरून स्वतःचा आणि जोडीदाराचा औषधोपचार निवृत्तीच्या वयापर्यंत चालू ठेवता येतो. हो, वर्षाला. इतकी स्वस्त आणि इतकी कमी वापरली जाणारी सोय दुसरी दाखवता येणार नाही.

जिथे ईएसआयसी तोकडी पडते

आजाराला ही योजना उत्तम, अपंगत्वाच्या रोजच्या खर्चाला मध्यम. कृत्रिम अवयव, श्रवणयंत्र, चाकाची खुर्ची मिळण्याची तरतूद आहे, पण मंजुरीची फाइल वेळ खाते, आणि मिळालेल्या वस्तूची देखभाल हा कायमचा दुखरा भाग : पायाच्या सॉकेटची फिटिंग सैल होणे, श्रवणयंत्राचा मोल्ड बदलणे, बॅटऱ्या. स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपीसारख्या आठवड्याला दोनदा लागणाऱ्या गोष्टींसाठी रेफरलची साखळी मुळातच गैरसोयीची. साधनांसाठी केंद्राची एडिप योजना समांतर वापरावी. मासिक उत्पन्न २२,५०० पर्यंत असेल तर साधन पूर्ण मोफत, ३०,००० पर्यंत निम्म्या किमतीत. मोजमाप आणि वाटपासाठी नागपुरातले संयुक्त प्रादेशिक केंद्र, म्हणजे सीआरसी, गाठावे. पगार २२,५०० च्या आसपास असेल तर अर्ज पगारवाढीआधी करावा, हे सांगायला नको.

ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार प्रकारांसाठी राष्ट्रीय न्यासाची निरामय योजना आहे. वर्षाला एक लाखापर्यंत, त्यात ओपीडी आणि थेरपीही. वर्गणी काही शे रुपये, नोंदणी न्यासाकडे नोंदलेल्या संस्थेमार्फत. पैसे आधी भरून बिले पाठवायची असतात आणि दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. बहुतेक कार्डे नूतनीकरण विसरल्यामुळेच मरतात.

पगार २५,००० ओलांडतो तेव्हा

पगारवाढ कोणत्या महिन्यापासून लागू होते यावर बरेच काही ठरते. सहामाहीच्या मध्येच मर्यादा ओलांडली तर सहामाही संपेपर्यंत वर्गणी चालू राहते. पगार १ एप्रिलपासून २४,५०० वरून २६,००० झाला, तर माणूस त्याच दिवशी योजनेबाहेर, आणि आधीच्या सहामाहीच्या जोरावर उपचार ३१ डिसेंबरपर्यंत. तीच वाढ १ मेपासून झाली, तर सप्टेंबरपर्यंत महिन्याला १९५ रुपये कटत राहतात आणि उपचार पुढच्या वर्षीच्या ३० जूनपर्यंत मिळतात. एका महिन्याच्या फरकाने सहा महिने हाती लागतात. शस्त्रक्रिया ठरलेली असेल, तर वाढ मेपासून द्या असे एचआरला सांगणे वावगे नाही.

त्यानंतर उरते महात्मा फुले जन आरोग्य योजना. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झालेली ही योजना १ जुलै २०२४ पासून राज्यातल्या सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांना, पांढऱ्या शिधापत्रिकेसकट, लागू आहे. कुटुंबाला वर्षाला पाच लाख. मेडिकल, मेयो आणि यादीतल्या खासगी रुग्णालयांत आरोग्यमित्राच्या टेबलावर शिधापत्रिका आणि आधार द्यायचे. भरती होऊन करायच्या, यादीत असलेल्या उपचारांना ती चांगली आहे. महिन्याची औषधे आणि बुडालेला पगार तिच्यात नाही, त्यामुळे ईएसआयसीतून बाहेर पडलेल्याला ती अर्धीच पुरते. हेल्पलाइन १५५३८८.

कंपनीची ग्रुप पॉलिसी असेल तर आधीपासूनच्या आजाराची अट वगळलेली आहे का, हे पॉलिसीच्या प्रतीतच वाचावे, एचआरच्या ईमेलवर विसंबू नये. स्वतःची पॉलिसी घेणाऱ्यांसाठी : २०२३ पासून प्रत्येक आरोग्य विमा कंपनीने दिव्यांगांसाठी एक तरी पॉलिसी ठेवणे बंधनकारक आहे. हप्ता चढा असतो. प्रस्ताव नाकारला तर लेखी कारण मागून घ्यावे.

जाता जाता : त्याच ४० टक्क्यांच्या प्रमाणपत्रावर महाराष्ट्रात प्रोफेशनल टॅक्स माफ आहे. पगारपत्रकात ईएसआयसीची ओळ तपासताना तीही बघा.

तक्रार पंचदीप भवनात दर महिन्याच्या सुविधा समागमात मांडता येते, फोन १८००-११-२५२६. जाताना विमा क्रमांक, यूडीआयडी, शेवटच्या सहा महिन्यांची पगारपत्रके आणि पोर्टलवरच्या वर्गणीची छापील प्रत घेऊन जावे. पगारपत्रक आणि प्रत शेजारी ठेवून कोणत्या महिन्याची वर्गणी गायब आहे ते आधीच पेनने खूण करून न्यावे, म्हणजे पुढची तारीख मिळत नाही.